उसनी जीभ

दुबईच्या देरा भागातल्या एका मोठ्या हॉटेलच्या तळमजल्यावर सिगारचं दुकान होतं आणि त्या दुकानात मधू नेर्लेकर दहा वर्षं सिगार विकत होता. झकास विकायचा. गिऱ्हाईक लेबनीज असो, इंग्रज असो की मुंबईचा हिरेव्यापारी, मधू सिगार दोन बोटांत हलकेच फिरवायचा, कानाशी न्यायचा आणि सांगायला लागायचा, की ही सुरुवातीला मिरीसारखी जिभेला टोचेल, मग भाजलेल्या खोबऱ्यावर येईल आणि जाताना काकवीचा गोडवा ठेवून जाईल. हे सगळं इंग्रजीत, टाय सावरत. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. आता यातली गोम अशी, की मधूने जन्मात एकदाही सिगार ओढली नव्हती. विडी नाही, सिगारेट नाही, पानात तंबाखूची काडीसुद्धा नाही.

त्याला कारण होतं. त्याचे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. खिशात तंबाखूची चंची, चुन्याची डबी आणि गालात कायम बार. मधू कॉलेजात असताना त्यांचं तोंड आलं. आईने गुलकंद दिला, जिऱ्याचं पाणी दिलं, ओळखीच्या बाईंकडून जाईचा पाला आणून चावायला लावला. तोंड बरं होईना. शेवटी हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. हळूहळू त्यांची वाचा गेली. एका दुपारी त्यांनी उशीखालून चंची काढली, मधूच्या हातात ठेवली आणि नुसती मान हलवली, नाही म्हणून. आई म्हणाली, शपथ घे. मधूने घेतली.

एवढं होऊन हा माणूस पोटासाठी दुबईत आला आणि तंबाखूच विकायला उभा राहिला. याला नशीब म्हणा नाहीतर थट्टा. बायको, लतिका, कधी टोचून बोललीच तर तो म्हणायचा, शपथ तोंडाला लावण्याची होती, विकण्याबद्दल बाबा काही बोलले नव्हते. बोलायला त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं, हे मात्र तो म्हणत नसे.

मग ती मिरी, ते खोबरं आणि ती काकवी यायची कुठून? इद्रीसच्या तोंडातून.

इद्रीस सोलकर हर्णैचा. दोघे एकाच महिन्यात नोकरीला लागले. मधू पुढे काउंटरवर आणि इद्रीस मागे, माल सांभाळायला. सिगारला उकाडा सोसत नाही आणि एसीची कोरडी हवा त्याहून सोसत नाही. तिला ओलसर, गार, अंधारी जागा लागते. दुकानामागे तशी देवदारी लाकडाने मढवलेली खोली होती. कागदोपत्री तिला भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण इद्रीस तिला माजघर म्हणायचा आणि मधूही तेच म्हणायला लागला. नव्या मालातली एखादी सिगार वरचं पान फाटून आली की ती विकता येत नसे. मॅनेजर जहूरसाहेब कराचीचे, दिलदार माणूस. ती इद्रीसची, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी नमाजाहून आला की इद्रीस हॉटेलच्या मागच्या आवारात, धोब्याच्या गाड्या लागायच्या तिथे, एका उलट्या क्रेटवर बसायचा. समोरच्या क्रेटवर मधू, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. इद्रीस सिगार घाईने पेटवत नसे. आधी तिचं तोंड जाळापासून जरा दूर धरून चहूबाजूंनी शेकायचा, मग पहिला झुरका घ्यायचा, धूर गालात घोळवायचा, छातीत अजिबात उतरू द्यायचा नाही, आणि डोळे मिटून बोलायला लागायचा. ही कोकमाच्या सालासारखी आहे. ही नव्या होडीला तेल लावल्यावर दुसऱ्या दिवशी येते तशी. हिच्यात सुकं खोबरं कोणीतरी निखाऱ्यावर टाकलंय. मधू ते ऐकायचा, मनात घोळवायचा आणि शनिवारी इंग्रजीत गिऱ्हाइकाला ऐकवायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण इद्रीसला त्याचं काही वाटत नसे. उलट मधूने एखाद्या गोऱ्याला बोलण्यात गुंगवून पुरी पेटी विकली, की तो माजघराच्या दारातून बघत हसायचा. आपली जीभ टाय लावून पुढे उभी आहे, असं तो म्हणायचा.

इद्रीस अजमानला चौघांत एक खोली करून राहायचा, कारण बायको हलिमा आणि मुलं गावी. त्यामुळे शुक्रवारचं रात्रीचं जेवण ठरलेलं, शारजात अल मजाजला, मधूच्या घरी. लतिका त्याच्यासाठी मुद्दाम सुरमई आणायची. मधूची मुलगी मिहिका त्याला हर्णैच्या बोलीत बोलायला लावायची आणि स्वतः इंग्रजीत खिदळायची. जेवण झालं की सगळे गॅलरीत. समोर खालिद लगूनचं पाणी, आणि गॅलरीच्या कोपऱ्यात रंगाच्या रिकाम्या डब्यात लतिकाने ठाण्याहून आणून जगवलेली जाई. त्या उन्हात ती जगली याचंच लतिकाला कोण कौतुक.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात इद्रीस जेवताना तिखट बाजूला सारायला लागला. लतिकाने विचारलं तर म्हणाला, "काय नाय वहिनी, तोंड आलंय. उष्णता."

उष्णतेला तिकडे काय तोटा. लतिकाने फ्रिजमधून गुलकंद काढला, बरणीच दिली. मग गॅलरीत जाऊन जाईची मूठभर पानं खुडली आणि हातावर ठेवली, सकाळ-संध्याकाळ चावा म्हणाली. इद्रीसने दोन पानं तिथेच तोंडात टाकली आणि असा चेहरा केला की मिहिका हसून हसून लोळली. मधूही हसला. तो हसला, ही गोष्ट त्याला पुढे जन्मभर पुरली. कारण जाईचा पाला, गुलकंद, तोंड आलंय, हे सगळं त्याने एकदा घरात पाहिलं होतं, अगदी याच क्रमाने. तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही. की पडला होता आणि त्यानेच पडदा ओढला, हे तो स्वतःलाही कधी ठामपणे सांगू शकला नाही. दर शुक्रवारी पानं खुडली जात राहिली, आणि इद्रीस गालावर हात धरून ती चावत राहिला.

हिवाळ्यात दुकानात एकच गडबड उडाली. क्युबाहून एक खास सिगार येणार होती. मोजक्याच पेट्या काढलेल्या, वरचं पान नेहमीपेक्षा कितीतरी अधिक मुरवलेलं, काळपट, तेलकट. नेहमीच्या पट्टीखाली आणखी एक काळी-सोनेरी पट्टी. संपली की खलास, पुन्हा निघणार नाही. एका नगाला ऐंशी दिरम. म्हणजे आपले हजार रुपये, लतिका म्हणाली, एका विडीला. जहूरसाहेबांनी निवडक गिऱ्हाइकांना एका संध्याकाळी बोलावलं आणि मधूला सांगितलं, की चव तू समजावून सांगायचीस, अरबाब स्वतः येणार आहेत. अरबाब म्हणजे दुकानाचा मालक.

चव बघायला एक सिगार इद्रीसला मिळाली. क्रेटवर बसून त्याने ती शेकली, पेटवली, गालात धूर धरला आणि डोळे मिटले. एरवी दुसऱ्या झुरक्याला त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. त्या दिवशी सिगार बोटभर जळली तरी तो गप्प. मधूने दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाला, मिरी आहे. मग खोबरं. शेवटी काकवी. मधूला जरा नवल वाटलं, पण मुहूर्त जवळ आलेला, नवल करायला सवड कोणाला होती.

त्या संध्याकाळी मधू नव्या टायमध्ये उभा राहिला आणि मिरी, खोबरं, काकवी सांगून मोकळा झाला. सगळ्यांनी सिगारी पेटवल्या. एक म्हातारा लेबनीज सराफ होता, मधूचं जुनं गिऱ्हाईक. तो दोन-चार झुरके घेऊन थांबला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, की मिस्टर मधू, हे तुम्ही मला दोन वर्षांपूर्वीही दुसऱ्याच सिगारबद्दल सांगितलं होतं. या सिगारमध्ये यातलं काहीच नाही. हसू पसरलं. अरबाबही हसले, पण त्यांनी जहूरसाहेबांकडे बघितलं. मधूचे कान तापले.

लोक गेल्यावर तो तरातरा माजघरात गेला. इद्रीस रिकाम्या पेट्या रचत होता. मधूने त्याला नको ते बोलून घेतलं. माझं नाक कापलंस म्हणाला, दहा वर्षांची अब्रू घालवलीस म्हणाला. इद्रीसने सगळं ऐकून घेतलं आणि हातातली पेटी खाली ठेवली.

"मना कायच लागत नाय, मधू," तो म्हणाला. "जिभेची एक बाजू मेल्यासारखी झालीय. दुसरी नुसती जळते. तुला सांगितलं असतं तर तू शनिवारी काय बोलला असतास? म्हणून जुनंच सांगत होतो."

मधूने त्याला दिव्याखाली नेलं आणि तोंड उघडायला लावलं. जिभेच्या कडेला पांढुरका चट्टा होता, मध्ये खळगा, कडा टणक. अगदी तसाच चट्टा त्याने एकदा पाहिला होता, वडील आरशापुढे तोंड वासून उभे होते तेव्हा. तो खाली पेट्यांवर बसला. इद्रीस विचारत राहिला, काय दिसतंय रे, सांग तरी.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि जे सांगायचं ते सांगितलं. मधूने विचारलं, सिगारीमुळे का? डॉक्टर मल्याळी, शांत गृहस्थ. ते म्हणाले, हा माणूस पोरवयापासून होडीवर विड्या ओढतोय, एका कुठल्या धुराला बोल लावणार? मधूने बोल लावायचा तो स्वतःला लावून घेतला होता. मुंबईत ऑपरेशन ठरलं. जीभ काढावी लागणार होती, अर्धी की सगळी ते उघडल्यावर कळणार होतं. इद्रीसने नोकरी सोडली, व्हिसा रद्द झाला. त्या आठवड्यात मधूने गॅलरीतला जाईचा डबा उचलला आणि दाराकडे निघाला. लतिका आडवी आली. ती रडत होती. झाडाने काय केलं, म्हणाली, पानं तर मीच खुडली ना. मधूने डबा परत कोपऱ्यात ठेवला, पण त्यानंतर तो त्या बाजूला फिरकेना.

दुकानातल्या शेवटच्या दिवशी जहूरसाहेबांनी इद्रीसला मिठी मारली आणि त्या खास सिगारींपैकी एक त्याच्या खिशात घातली. घर जाकर आराम से पीना, म्हणाले. भल्या माणसाला ऐन वेळी दुसरं काही सुचलं नसावं. विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं, शारजाहून. दुपार कलल्यावर मधू इद्रीसला घ्यायला अजमानला गेला. बॅग भरून झाली होती. इद्रीस म्हणाला, यल्ला, जरा समुद्रावर जाऊ.

अजमानच्या किनाऱ्यावर तेव्हा गर्दी नसे. दोघे एका उपड्या होडीला टेकून बसले. इद्रीसने खिशातून सिगार काढली, नाकाखालून फिरवली, उगाच, सवयीने. टोक कापलं. वाऱ्याला पाठ करून, हाताचा आडोसा करून तिचं तोंड चहूबाजूंनी शेकलं, कुठे काळं कुठे कोरं राहू दिलं नाही. मग झुरका घेतला आणि डोळे मिटले. मधू त्याच्याकडे बघत राहिला. दहा वर्षं याच तोंडाकडे त्याने असं बघितलं होतं, आता काहीतरी येईल म्हणून.

"गरम वारा," इद्रीस म्हणाला. "बस, तेवढंच."

त्याने सिगार खाली केली. टाकून द्यावी की विझवून ठेवावी, हे त्याला ठरवता येईना. एवढी दुर्मिळ वस्तू आणि तीच हातात जड झाली. तेव्हा मधूने हात पुढे करून ती घेतली. इद्रीसला शपथेचं माहीत होतं. त्याने मधूचं मनगट धरलं, पण जोर लावून नाही. मधूने सिगार ओठांत धरली आणि ओढली.

पहिल्यांदा ठसका. डोळ्यांतून पाणी. इद्रीस म्हणाला, छातीत नको घेऊ, गालात ठेव, चूळ भरतोस तशी. मधूने तसं केलं. तोंडभर धूर, दाट, आणि जिभेच्या शेंड्याला चरचर. आता इद्रीसला काहीतरी सांगायला हवं होतं. मधू म्हणाला, मिरी आहे. मग म्हणाला, भाजलेलं खोबरं.

"खोटं बोलू नको," इद्रीस म्हणाला. "ते माझंच आहे, जुनं. तुला काय लागतंय ते सांग."

मधूने पुन्हा झुरका घेतला, सावकाश, आणि धूर गालात थांबवून ठेवला. आणि मग त्याला कळलं काय लागतंय ते. खोबरं नव्हतं, काकवी नव्हती. वडील कामावरून येऊन सदरा खुंटीला अडकवायचे, त्या सदऱ्याच्या खिशात तो लहानपणी नाक घालायचा. कातडी चंचीचा वास, तंबाखूचा, घामाचा, छापखान्यातल्या शाईचा. मरणाच्या आधीचे वडील नव्हते ते. त्याच्याही आधीचे, बोलणारे, ओरडणारे, गालात बार धरून अडखळत हसणारे. इतकी वर्षं तंबाखू म्हटलं की त्याला हॉस्पिटलातली खाट दिसायची. इकडे तर घर होतं.

त्याने ते सगळं सांगितलं, जसं येईल तसं, धड वाक्यं न करता. बोलता बोलता रडायला लागला. इद्रीसने थांबवलं नाही. ओढत राहा, एवढंच म्हणाला, अर्ध्यावर ती बदलते. आणि खरंच बदलली. चरचर गेली, धूर मऊ झाला, कुठेतरी गूळ घातलेल्या काळ्या चहासारखा गोडवा आला, आणि तो ओठांवर रेंगाळला. लाज वाटावी इतकी ती सिगार चांगली होती. शेजारी हा माणूस जीभ द्यायला निघालाय आणि आपल्याला सुख होतंय, या विचाराने मधूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हेही त्याने सांगितलं, कारण लपवायचं कोणापासून.

"इद्रीस, मला कळायला हवं होतं," तो शेवटी म्हणाला. "बाबांचं असंच सुरू झालं होतं. अगदी असंच. मी बघत होतो आणि पाला खायला घालत होतो."

इद्रीस समुद्राकडे बघत होता. राख लांबलचक झाली होती, तरी पडली नव्हती.

"वहिनीचा पाला तेवढा लागायचा," तो म्हणाला. "बाकी सगळ्याची चव गेली, मासा गेला, चहा गेला. तो पाला शेवटपर्यंत लागत होता. म्हणून तर खात होतो. बरं वाटावं म्हणून नाय."

कसा लागायचा, हे मधूने विचारलं नाही. सूर्य बुडाला, मगरिबची बांग झाली आणि इद्रीस नमाजाला उठला. मधूने उरलेली सिगार वाळूत खोचून ठेवली. जाताना घेऊ म्हणाला, आणि दोघेही विसरले.

ऑपरेशनमध्ये सगळी जीभ गेली. मधू दर शुक्रवारी हर्णैला फोन लावायचा. हलिमा उचलायची, कसं आहे काय आहे सांगायची आणि मग रिसीव्हर इद्रीसच्या कानाला लावायची. मधू बोलत राहायचा. नवा माल काय आला, लेबनीज म्हातारा काय म्हणाला, मिहिका किती उंच झाली. पलीकडून इद्रीस रिसीव्हरवर नखाने टकटक करायचा, ऐकतोय म्हणून. कधी जोरात टकटक झाली की मधू समजायचा, हसतोय. दुकानात मात्र आता तो चवीचं काही सांगत नसे. गिऱ्हाइकाने विचारलंच तर म्हणायचा, सर, तुम्ही ओढून बघा आणि मला सांगा. धंद्यावर परिणाम झाला.

पुढच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी फोन हलिमाने नाही, तिच्या भावाने उचलला. इद्रीस गेल्याला तीन दिवस झाले होते. तुमचा नंबर शोधत होतो, तो म्हणाला. मधूने जे विचारायचं असतं ते विचारलं, जे म्हणायचं असतं ते म्हटलं आणि फोन ठेवला. लतिका स्वयंपाकघरात सुरमईला मीठ लावत होती. शुक्रवारी सुरमई आणायची सवय तिची गेली नव्हती. ती त्याचा चेहरा बघून तिथेच उभी राहिली.

मधू गॅलरीत गेला. वर्षभरानंतर तो त्या कोपऱ्याशी पहिल्यांदाच आला होता. जाई चांगली वाढली होती, कठड्यावर चढली होती. त्याने एक पान तोडलं आणि तोंडात टाकलं. आधी कडू. मग तुरट, दात आंबल्यासारखं. मग चावत राहिल्यावर अगदी मागे, घशाशी, थोडंसं गार. तो सावकाश चावत राहिला, एकेक चव वेगळी काढत, तिला शब्द शोधत, जसं समोर क्रेटवर कोणी डोळे मिटून ऐकायला बसलं असावं. आतून लतिकाने विचारलं, काय खाताय? पान अजून तोंडात होतं.